एकच गड, दोन्ही बाजूंनी

डोंगरी शर्यतीत चढ आला की पळायचं नसतं, हे जाणकारांनी सांगितलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. दोन्ही तळवे मांड्यांवर दाबायचे, कमरेत वाकायचं आणि चालायचं. याला म्हणे 'पॉवर हायकिंग' म्हणतात. आमची आजी गुडघ्यांवर हात ठेवून माडीचा जिना अशीच चढायची. फक्त तिच्या पायाला कुणी टायमिंग चिप बांधली नव्हती.

शर्यत सिंहगडाची. आतकरवाडीतून चढून पुणे दरवाजाने वर जायचं, कल्याण दरवाजाने पलीकडे कल्याण गावात उतरायचं आणि तिथून उलटं फिरून पुन्हा आतकरवाडी गाठायची. गडाची उंची १३१२ मीटर, त्यात आतकरवाडीकडून चढायचे सुमारे सहाशे. हा मार्ग ज्यानं आखला, त्याचा घरात कुणाशी तरी अबोला चालू असणार.

रविवार असल्यानं नेहमीचे पुणेकरही गड चढतच होते. त्यात एक सत्तरीचे काका, कानटोपी, काठी, खिशातल्या मोबाइलवर अभंग. त्यांनी माझ्या छातीवरचा नंबर वाचला.

"शर्यत आहे?"

"हो."

"मग पळा की!"

आणि पुढे निघून गेले. पुढच्या वळणावर दगडाला टेकून उभे होते. मला वाटलं, काळजीनं थांबलेत.

"याचे पैसे किती घेतात हो?"

मी आकडा सांगितला. काकांनी अभंग बंद केला. "आम्ही दर रविवारी फुकट चढतो," एवढंच म्हणाले आणि पुन्हा पुढे.

खरी परीक्षा मात्र उताराची. पाऊस संपून महिने झालेले, गवत वाळून पिवळं, वाटेवर सगळा मुरमाचा घसारा. उतरताना मांडीच्या स्नायूंना ताणलं जात असतानाच ब्रेक लावावा लागतो. हे काम त्यांना अजिबात आवडत नाही, आणि त्याचा निषेध ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, नेमके कमोडवर बसताना नोंदवतात. 'मागे रेलू नका, पावलं छोटी टाका, नजर पुढे ठेवा,' असं शिकवलेलं असतं. मी नजर पुढे ठेवली. पुढे दरी होती. मग मी रेललो, आणि एकदा रेललं की उरलेलं काम घसारा करतो. आधाराला जवळ होती ती करवंदाची जाळी. तिनं आधार दिला, पण सोडायला तयार होईना. शेजारून एक विशीतली मुलगी "सर, लेफ्ट!" म्हणत हरणासारखी उड्या मारत गेली. 'सर' फार लागलं.

कल्याण गावात मिठातले बटाटे, संत्री आणि इलेक्ट्रॉल मिळालं. तिथल्या स्वयंसेवक पोराला मी हळूच विचारलं, "इथं शर्यत सोडली तर?"

"सोडा की. पण तुमची बॅग, गाडी कुठाय?"

"आतकरवाडीत."

त्यानं मान वर करून गडाकडं पाहिलं. मीही पाहिलं. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरले, तेव्हा 'कड्याचे दोर कापलेत' असं सूर्याजीनं ठणकावलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलोय. आमच्या आयोजकांना कापायला दोरही लागला नाही. सामान पलीकडे ठेवायला लावलं की झालं.

दुसऱ्या चढाचं वर्णन करत नाही. गड तोच, पाय तेवढे दुसऱ्या कुणाचे तरी.

पुणे दरवाजाबाहेर एका मावशींच्या ताकाच्या मडक्यापाशी मी बसलो. दोन ग्लास प्यायलो आणि पैसे द्यायला फोन काढला. नियमानं सोबत बाळगलेला तो फोन जीपीएसनं शेवटच्या टक्क्यापर्यंत पिऊन टाकला होता.

"राहू द्या दादा, पुढच्या रविवारी द्या."

"मावशी, मी परत नाही येणार इकडं. कधीच."

"बरं," म्हणाल्या, आणि कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी लिहायला लागल्या. वाकून पाहिलं तर माझ्या छातीवरचा नंबर आणि पुढे 'ताक २'. वरच्या ओळीत आणखी सहा-सात नंबर होते.

"हे सगळे?"

"तेपण कधीच येणार नव्हते. उठा आता, तो झाडूवाला आला."

झाडूवाला म्हणजे सर्वात मागून, उरलेसुरले धावपटू गोळा करत येणारा माणूस. त्याच्या हातात माझी टोपी होती, करवंदातून सोडवून आणलेली.