लेणी बघू का सायकल सांभाळू?

एक साधा प्रश्न विचारतो, कुणाकडं उत्तर असेल तर सांगा. संभाजीनगरातून सायकलवर दौलताबाद-खुलताबाद-वेरूळ फिरायला निघालेल्या एकट्या माणसानं किल्ला नाहीतर लेणी बघताना सायकल ठेवायची कुठं? डोक्यावर?

रूट तसा एक नंबर आहे. छावणी, मिटमिटा, शरणापूर करत दौलताबाद, मग घाट चढून कागजीपुऱ्यावरून खुलताबाद, तिथून उतरलं की वेरूळ, आणि येताना परत घाट नको असेल तर कसाबखेडा फाटा धरून माळीवाड्याकडनं शहरात. सत्तरेक किलोमीटर. थोडी सवय असलेला कुणीही न थांबता दुपारच्या आत घरी येतो. दौलताबादच्या जुन्या दरवाजात एका वेळी एकच मोठी गाडी घुसते, रविवारी तिथं कारवाले न् ट्रॅव्हल्सवाले समोरासमोर अडकून हॉर्न बडवत बसतात, त्याचंही मला काही नाही, सायकल कडेनं निघून जाते.

न थांबता म्हटलं ना, तिथंच सगळी गोची आहे. थांबायचं असेल तर ऐका.

एका ठिकाणी पार्किंगमधे सायकल घातली तर लगेच पोरगं पावतीपुस्तक घेऊन हजर. "काका, पावती." म्हटलं अरे सायकल आहे ही. "दोन चाकं हायत ना? मग टू-व्हीलरच." बरं बाबा, घे. पैसे दिले आणि म्हटलं आता जरा लक्ष ठेव हिच्याकडं, तर म्हणतो, "लक्ष-बिक्ष आपल्याकडं नसतंय, पावती वाचा." वाचली. खाली बारीक अक्षरात छापलंय, वाहन मालकाने स्वतःच्या जबाबदारीवर लावावे. अरे मग पैसे कशाचे घेतले? उन्हाचं भाडं?? आणि माझ्या सायकलला साइड स्टँड नाही, ह्या असल्या सायकलींना बहुतेक नसतंच, मग दोन बुलेटच्या मधे आडवी टाकायची आणि कुणी मागं न बघता गाडी काढली की गेला डिरेलर (गियर बदलताना चेन सरकवतो तो भाग), मग ढकला घरापर्यंत. कुलूप आहे माझ्याकडं, चांगलं महागातलं आहे, पण ते बांधू कशाला? तिथं एक खांब नाही, पाइप नाही. रेलिंगला लावली की वॉचमन शिट्टी मारत पळत येतो, झाडाला लावली तर "इथं नाही, तिकडं", आणि तिकडं गेलं की तिकडचा म्हणतो इथं नाही.

आता देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, नीट बघायचा म्हणजे दोन-अडीच तास. खंदक, मग ती अंधारी, म्हणजे काळोखा वळणावळणाचा बोगदा, मग वर बारादरीपर्यंत चढ. अंधारीत शत्रू चुकावा, गोंधळावा म्हणून ती केलेली, आणि मी तिथं उभा राहून विचार करतोय की खाली पोरं गियर खाटखूट फिरवत असतील, पंप काढला असंल, मागचा लाइट तर गेलाच. तुघलकानं १३२७ मधे दिल्लीची राजधानी उचलून इथं आणली, तेवढ्या लवाजम्याची घोडी, उंट बांधायला जागा झाली की नाही? आणि आज एक सायकल बांधायला जागा नाही.

वेरूळला तर जीवच जळतो. ३४ लेणी, दक्षिणेला बौद्ध, मधे हिंदू, उत्तरेच्या टोकाला जैन. १६ नंबरचं कैलास, राष्ट्रकूटांनी आठव्या शतकात कातळ वरून खाली कोरत आणलेलं, ते बघायला अख्खी सकाळ कमी पडते. आम्ही काय करतो? आत जाऊन तोंड दाखवायचं, एक फोटो, की धावत बाहेर. जैन लेण्यांपर्यंत तर जाणंच होत नाही.

ह्यावर दोन प्रकारचे शहाणे भेटतात. पहिला म्हणतो मग गाडीवर जायचं ना. अरे मला सायकलवरच जायचंय, तुझं काय जातंय! दुसरा जरा अभ्यासू, तो म्हणतो संरक्षित स्मारक आहे, १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. मान्य. जुन्या भिंतीला सायकल टेकवू नका हे पण शंभर टक्के मान्य, मीच ओरडेन. पण लोखंडी स्टँड नुसतं जमिनीवर ठेवता येतं हो, खड्डासुद्धा नको, आणि कारच्या पार्किंगला जागा निघते तिथंच कोपऱ्यात बसेल. एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली मावतात. पण नाही. सायकल दिनाला फेरी काढायची, टोप्या वाटायच्या, "वारसा जपा" म्हणून फ्लेक्स लावायचा, आणि ते फोटो काढणारे स्वतः कारनं येतात.

आजवर माझी सायकल सांभाळली ती टपरीवाल्यांनी. चहा घेतला की "ठेवा ना काका, कोण नेतंय" म्हणतात. घृष्णेश्वराजवळ एका फुलवालीनं हार घ्यायच्या बोलीवर ठेवून घेतली, चोख सौदा. आणि निवांत बघून झालेलं म्हणाल तर खुलताबादला मलिक अंबरची कबर, कारण तिथं मी गेलो तेव्हा शिट्टी मारायलाही कुणी नव्हतं. ज्यानं खडकी वसवली, म्हणजे आपलं शहर, त्याच्याकडं कुणी फिरकत नाही, तो वेगळाच संताप आहे, परत कधीतरी.

आणि कधी काळी कुणाला स्टँड बसवायची बुद्धी झालीच तर ते पुढचं चाक खोबणीत अडकवायचं नका आणू, त्यात रिम वाकते, आणि चोर चाक तिथंच सोडून बाकी सायकल घेऊन जातो. उलट्या यू आकाराचा जाड पाइप पाहिजे, फ्रेम बांधता आली पाहिजे. आणि त्याच्या शेजारी पावतीपुस्तकवाल्याला खुर्ची टाकू देऊ नका.