मालकाचं उत्तर: "अर्ध्या तासाच्या कामाला दिवस घालवला"

नमस्कार साहेब, रिव्ह्यू वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की बीसीएमचं (लॉकिंग, वायपर, इंडिकेटर चालवणारं गाडीतलं कंट्रोल मॉड्यूल) प्रोग्रामिंग अर्ध्या तासाचं काम होतं, आमची पोरं "स्वतःचंच मशीन अपडेट करत बसली" आणि त्याचेही पैसे लावले. पैशाचं आधी सांगतो, अपडेटचा एक रुपया बिलात नाही. सॉफ्टवेअरची जी लाइन आहे ती गाडीच्या कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन करायची फी, ती आम्हीच आधी भरतो, पावती काउंटरवर आहे, कधीही येऊन बघा.

आता वेळेचं. पावसात पाणी शिरून तुमचं जुनं बीसीएम गेलं, नवीन आलं ते कोरं, त्यात तुमच्या गाडीचा डेटा लिहावा लागतो. नुसता बिघाडाचा कोड वाचणं वेगळं हो. वाचताना कनेक्शन तुटलं तर परत लावायचं, विषय संपला, पण लिहिताना तुटलं तर मॉड्यूल अर्धवट राहतं, नशीब असेल तर परत टाकता येतं नाहीतर काढून बेंचवर घ्यावं लागतं नाहीतर सरळ दुसरं आणा, आणि त्याची किंमत तुम्हाला माहीतच आहे.

लॅपटॉप आणि गाडीच्या मधे जो डबा असतो ना, इंटरफेस, त्याच्या आतही फर्मवेअर, म्हणजे त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर, असतं आणि डेटा पाठवायचं टायमिंग तेच सांभाळतं. आमचा जे२५३४ वाला आहे, म्हणजे गाडीचे मॉड्यूल लिहायच्या स्टँडर्डचा, त्याला व्हर्जन विचारलं की डब्यातलं फर्मवेअर, लॅपटॉपवरची ड्रायव्हरची फाइल (डीएलएल) आणि स्टँडर्डचं व्हर्जन (एपीआय) अशी तिन्ही सांगतो. त्या सकाळी लॅपटॉपवरचा ड्रायव्हर नवीन झाला होता आणि डब्यातलं फर्मवेअर जुनंच. अशा वेळी पण कनेक्ट होतं, कोड पण वाचतो, म्हणूनच तर लोक फसतात, लिहिताना मधेच अडकू शकतं! पोरांनी बनवणाऱ्याच्याच अपडेटरने फर्मवेअर टाकलं, केबल काढून लावून व्हर्जन परत वाचलं, मग बॅटरीला सपोर्ट लावून गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटच्या १६ नंबर पिनचं, म्हणजे बॅटरीचं, व्होल्टेज इंटरफेस किती दाखवतो आणि मल्टीमीटर किती ते जुळवलं. मीटर धरून उभा होता तो मुलगा टाइमपास करत नव्हता. आदल्या रात्री का नाही केलं म्हणता, रात्री केलं असतं तरी लिहायच्या आधी परत बघितलंच असतं.

आणि तुम्ही जो ब्लूटूथ डोंगल दाखवून "याने पण होतं" म्हणालात, त्यावर ईएलएम३२७ (कोड वाचायच्या डोंगलमधली चिप) व्हर्जन १.५ लिहिलं होतं. मूळ कंपनीने १.५ कधी काढलंच नाही, बाजारात मात्र खच पडलाय. इंजिन लाइटचा कोड बघायला वापरा, माझी काही हरकत नाही, त्याच्या भरवशावर बीसीएम लिहायला मी कोणाला देणार नाही.

गाडी संध्याकाळी मिळाली, लॉकिंग, वायपर, इंडिकेटर सगळं तुमच्यासमोर चालवून दाखवलं. स्टार वाढवा असं म्हणत नाही, फक्त अपडेटचे पैसे घेतल्याची ती ओळ काढा, ते खरं नाही.