‘शिडाची होडी वारा नेईल तिकडेच जाते’ म्हणे!

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. शेवटी मावसभावानेही पाठवला, खाली ‘दादा, तुझ्या होडीचं काय मग?’ असं लिहून. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जुन्या धाटणीची शिडाची होडी दिसायला छान, पण निरुपयोगी. वारा नेईल तिकडेच जाते, म्हणून तर मराठ्यांची गलबतं किनाऱ्याला चिकटून असायची. चौकोनी शीड हा मागासलेपणा. लहान होडी उलटतेच. आणि जड बांध्यामुळे ती संथ असते, तेव्हा मोठं इंजिन बसवा आणि मोकळे व्हा.

मी साताऱ्याचा. माझी होडी १५ फुटी, प्लायवूडची, कळकाच्या परबाणावर, म्हणजे शीड बांधायच्या आडव्या काठीवर, एकच चौकोनी शीड. रीतसर परवानगी काढून वाईजवळच्या धोमच्या जलाशयात चालवतो. म्हणजे मेसेजमधला जवळजवळ प्रत्येक दोष माझ्या घरात आहे.

वारा नेईल तिकडे पाचोळा जातो. होडीच्या पोटाखाली पठाण असतो, म्हणजे तळाचा कणा. माझ्यासारख्या लहान होडीत त्याऐवजी मधल्या फटीतून पाण्यात सोडायची फळी असते. सीताफळाची बी दोन बोटांत दाबली की ती पुढे सटकते, तसं इथे घडतं. वारा शिडाला मुख्यतः आडवं ढकलतो, खालून पाणी फळीला धरून ठेवतं, आणि या दोघांच्या चिमटीतून होडी पुढे निसटते.

हे मला धोमला फुकटात शिकायला मिळालं. पहिल्याच वर्षी, मे महिन्यातली दुपार, पश्चिमेचा वारा. फळी सोडायची राहून गेली. शीड टरारून भरलेलं, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, समोरच्या काठाकडे, आणि होडी मात्र सबंध आडवी धरणाच्या भिंतीकडे घसरत निघालेली. काठावर म्हशी धुणारा एक जण ओरडला, “पाव्हणं, त्वांड कुनीकडं आन् चाललाय कुनीकडं?” तेव्हा लक्षात आलं. दोरी सोडली, फळी खट्टकन खाली गेली, होडी क्षणभर थबकली आणि समोरच्या काठाच्या बाजूला चालू लागली. शीड तेच, वारा तोच.

थेट वाऱ्याच्या तोंडात मात्र कुठलीच शिडाची बोट जात नाही, कोट्यवधींची शर्यतीचीसुद्धा नाही. सगळ्या नागमोडी जातात. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटाची वळणं घेतोच ना आपण? सरळ डोंगर चढत नाही म्हणून एसटीला कोणी निरुपयोगी म्हणत नाही.

चौकोनी शिडाचा मुद्दा इथेच येतो, आणि त्यात थोडं तथ्य आहे. उंच त्रिकोणी शिडाची चांगली बोट वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन धरते. माझी ५५ च्या आत येत नाही. वाऱ्याच्या दिशेने २ किलोमीटर गाठायचे तर तिला सुमारे २.८ किलोमीटर कापावे लागतात, मला साडेतीन. हा तोटा खरा आहे. पण वारा बाजूने किंवा मागून असला की हा फरक जवळजवळ उरत नाही, आणि लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस होता होईल तो अशाच वाऱ्याची वाट धरतो. बदल्यात मला डोलकाठी आखूड मिळते, शिडाचा भार खाली राहतो, आणि परबाण मोडलं तर नवा कळक आणता येतो. उंच अल्युमिनियमची काठी मोडली तर वाईत कोण देणार?

माझं पहिलं शीड ताडपत्रीचं होतं. दोन महिन्यांत ते ताणलं जाऊन मध्ये पोट सुटलं, आणि होडी ७० अंशांवरच अडून बसायची. दोष मी आकाराला देत होतो. न ताणणारं कापड आणून त्याच मापाचं शीड शिवलं आणि १५ अंश परत मिळाले. मेसेजसोबतच्या व्हिडिओतलं शीड वाळत घातलेल्या धोतरासारखं लोंबतंय, ते नीट बघा.

गलबतांबद्दलचं वाक्य साताऱ्याच्या ग्रुपवर फिरावं याचं जास्त वाईट वाटलं. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजी आंग्र्यांना ज्या शाहू महाराजांच्या बाजूला आणलं आणि ज्यांनी त्यांचं सरखेलपद, म्हणजे आरमारप्रमुखपद, मान्य केलं, त्यांची राजधानी हीच. गलबताला शीड होतं तशी वल्हीही होती. वारा पडला की गलबतं वल्ह्यांवर चालत, वेळ पडली तर गुराबांना, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजांना, दोर लावून ओढत. इंग्रजांची आडव्या शिडांची जड जहाजं तेव्हा जागच्या जागी डुलत राहत. किनाऱ्याजवळ राहणं हा डाव होता: उथळ पाणी, खाड्या, पाठीशी किल्ले.

उलटण्याच्या मुद्द्याला मेसेजने २०१९ च्या पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीचा दाखला जोडलाय. त्या बोटीला शीड नव्हतं, आणि तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली होती, असंच तेव्हाच्या बातम्यांत आलं. गेलेल्या माणसांचा असा वापर करू नये.

होडी उभी राहते ती दोन गोष्टींवर: रुंदी आणि तळातलं वजन, ज्याला नीरम म्हणतात. रुंद, सपाट, हलकी होडी सुरुवातीला घट्ट वाटते, पण एका मर्यादेपलीकडे कलली की पालथी होते. खोल पठाणाची, नीरम भरलेली बोट आधी लवकर कलते, नव्या माणसाला घाबरवते, आणि जसजशी कलते तसतशी जास्त जोराने परत उठू पाहते. माझी होडी पहिल्या जातीची आहे, म्हणून लाइफ जॅकेटशिवाय मी कोणालाही तिच्यात घेत नाही. दुसऱ्या जातीच्याही अजिंक्य नसतात. २०१८ मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेल्या नौदल अधिकारी अभिलाष टॉमींच्या ‘थुरिया’ बोटीच्या डोलकाठ्या वादळात मोडल्या, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. बोट मात्र तरंगत राहिली.

ती ‘थुरिया’ ज्या ‘सुहैली’ची प्रतिकृती, ती ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत बांधलेली. लांब पठाण, जड बांधा, मेसेजवाल्याच्या दृष्टीने सगळंच चुकलेलं. ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ मध्ये जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत तिच्यातून एकटे निघाले आणि कुठेही न थांबता ३१२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. सुमारे ३० हजार सागरी मैल, म्हणजे सरासरी ४ नॉट, ताशी साडेसात किलोमीटर. सायकलसुद्धा पुढे जाईल. पण त्या शर्यतीत निघाले नऊ जण, पुरी केली एकट्या या बोटीने.

आणि हा संथपणा जुन्या धाटणीमुळे येत नाही. पाण्यात बसून चालणारी बोट स्वतःच लाट उठवते, आणि वेग वाढला की नाळ एका लाटेवर, मागची बाजू दुसऱ्या लाटेवर अशी अडकते. ती मर्यादा पाण्याला टेकलेल्या लांबीवर ठरते: फुटांतल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले १.३४, उत्तर नॉटमध्ये. माझ्या होडीची ही लांबी १४ फूट, म्हणजे ५ नॉट, ताशी ९.३ किलोमीटर. सपाट तळाच्या हलक्या बोटी पाण्यावर उचलल्या जाऊन ही मर्यादा ओलांडतात, पण त्यात पंधरा दिवसांचं सामान, पाणी आणि नांगर भरा, मग बघू. वजनाचा खरा त्रास मंद वाऱ्यात होतो. डिसेंबरच्या सकाळी धोमला पान हलत नाही, तेव्हा मी मुकाट्याने वल्ही काढतो.

इंजिनाचा प्रयोगही झालाय. मित्राचं ५ हॉर्सपॉवरचं आणून मागे लावलं. निम्म्या ताकदीवर फोनमधला आकडा ताशी ९ किलोमीटरवर गेला. पूर्ण मूठ पिळली तर १० आणि कधीमधी ११, पण नाळ आभाळाकडे, मागची कड पाण्याला टेकलेली, आणि माझ्या चपला तरंगायला लागलेल्या. निम्मी टाकी संपवून आम्ही परत आलो, डब्याने पाणी उपसलं आणि संध्याकाळी इंजिन मित्राच्या घरी पोचवून दिलं.