डॉक्टर कसे आहेत विचारलं, पार्किंग कसं आहे ते कळलं

आमच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतर दवाखाना बंद केला. वय झालं, गुडघे गेले, मुलीकडे बंगळूरला राहायला गेले. त्यांच्यावर माझा काडीचा राग नाही. राग आहे तो त्यानंतरच्या तीन महिन्यांवर. आईला शुगर आणि बीपी, दोन्ही. तिच्यासाठी अख्ख्या पुण्यात एक धड डॉक्टर शोधता येऊ नये?

आधी गूगल. ज्याला बघावं त्याला चार पूर्णांक आठ स्टार! खाली अभिप्राय काय, तर ‘स्टाफ छान आहे’, ‘एसी आहे’, ‘पार्किंगला जागा आहे’. अहो, मला गाडी लावायची नाहीये, आई दाखवायचीये. हे स्टार कुठून येतात तेही कळलं. एका ठिकाणी पैसे देऊन पावती हातात पडायच्या आत काउंटरवरच्या मुलीने क्यूआर कोड पुढे केला, ‘मॅडम, फाइव्ह स्टार द्या ना प्लीज’. आई अजून आत टेबलावर झोपलेली होती!

मग सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. चौदा उत्तरं, अकरा नावं. त्यातला एक दातांचा निघाला. एका काकांनी ‘आमचे डॉक्टर देवमाणूस’ म्हणून नंबर दिला. फोन केला, तर ते आता फक्त सांध्यांचं बघतात.

फी विचारायची तर अजूनच मजा. ‘आल्यावर सांगतो मॅडम.’ का? भाजीवालीसुद्धा गवार पिशवीत टाकायच्या आधी भाव सांगते. 2002 सालच्या डॉक्टरांच्या आचारसंहितेत लिहिलंय, फी दवाखान्यात लावा, नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर द्या. मी तीन दवाखान्यांत भिंती तपासल्या. गणपती दिसला, साईबाबा दिसले, औषध कंपनीचं कॅलेंडर दिसलं. फी कुठेच नाही. नोंदणी क्रमांक विचारला तर रिसेप्शनिस्टने असं पाहिलं की मी जणू किडनीच मागितली.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नाव टाकून नोंदणी बघता येते, तीही बघितली. एक नाव सापडेचना. होमिओपॅथीची कौन्सिल वेगळी, आयुर्वेदाची वेगळी, आणि बाहेर बोर्डावर मात्र नुसतं ‘डॉ.’. बरं, नाव सापडलं तरी कळतं काय? माणूस खोटा नाही, एवढंच. तो ऐकून घेतो का, रात्री फोन उचलतो का, गरज नसेल तेव्हा ‘ही टेस्ट नको’ म्हणतो का, हे कुठे लिहिलंय? टेस्टची यादी मात्र तयारच असते, वर लॅबच्या नावाला पेनाने गोल. ‘इथूनच करा हं.’ ह्या कट प्रॅक्टिसविरुद्ध, म्हणजे पेशंट पाठवून कमिशन घेण्याविरुद्ध, 2017 मध्ये राज्यात कायद्याचा मसुदा झाला होता म्हणे. त्याचं लोणचं घातलं वाटतं.

आणि परवाचा प्रकार तर कहरच. अपॉइंटमेंट अकरा दहाची, नंबर लागला एक वीसला. शुगरची पेशंट, उपाशी बसलेली. आत गेल्यावर डॉक्टरांनी मान वर न करता लघवीच्या इन्फेक्शनसाठी गोळ्या लिहिल्या. चार मिनिटं, आठशे रुपये. चिठ्ठी हातात घेतली आणि मला आमच्या जुन्या डॉक्टरांचं ते पिवळं पडलेलं कार्ड आठवलं. वरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘सल्फा नको’ आणि खाली दोन रेघा.

‘ह्यात सल्फा आहे का हो?’

‘हो. का? अॅलर्जी आहे? मग आधी सांगायचं ना!’

मी सांगायचं! विचारायचं कोणी? गोळी बदलून दिली, वर ‘नेक्स्ट’ म्हणून बेल वाजवली.

रिक्षात आई म्हणाली, ‘आपल्या डॉक्टरांनाच एक फोन लाव ना बंगळूरला.’ लावला. पहिल्या रिंगला उचलला. ‘सल्फा दिली नाही ना कोणी?’ हा त्यांचा पहिला प्रश्न.

असो. गुरुवारी संध्याकाळी अजून एका ठिकाणी जायचंय. टोकन 31. पार्किंग आहे म्हणे.