मानव्यविद्या सप्ताह: आयोजकांसाठी काही सूचना

आपल्या लिबरल आर्ट्स महाविद्यालयात, म्हणजे एखाद्या व्यवसायापेक्षा व्यापक शिक्षणावर भर देणाऱ्या संस्थेत, यंदा मानव्यविद्या सप्ताह साजरा करण्याचे ठरले असेल आणि त्याच्या आयोजनाची जबाबदारी आपल्या गळ्यात पडली असेल, तर प्रथम आपले अभिनंदन आणि पाठोपाठ एक सावधगिरीची सूचना. सप्ताहाची आखणी करताना साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान असे मानव्यविद्येचे विषय प्रत्यक्ष शिकवणाऱ्या प्राध्यापकांना शक्यतो विचारू नये. ही मंडळी प्रश्नाचे उत्तर देण्याऐवजी प्रश्नच तपासत बसतात आणि ‘गौरव नेमका कशाचा, आणि तो आत्ताच का सुचला’ असे काहीबाही विचारून पहिल्याच बैठकीचा रसभंग करतात. त्यापेक्षा सगळे काम जनसंपर्क विभाग आणि करिअर सेंटर यांच्याकडे सोपवावे. त्यांना शंका येत नाहीत.

सप्ताहाची मंजुरी मात्र योग्य बैठकीत घ्यावी. तत्त्वज्ञान विभागातील निवृत्त प्राध्यापकांची जागा भरायची नाही, असा ठराव ज्या दिवशी होतो, त्याच दिवशी हा विषय पटलावर ठेवला की इतिवृत्तात दोन्ही ठराव एकाखाली एक येतात आणि संस्थेचा समतोल दृष्टिकोन पुढच्या पिढ्यांनाही वाचता येतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातील मॅरिमाउंट विद्यापीठाचे उदाहरण डोळ्यांपुढे असू द्यावे. २०२३ च्या फेब्रुवारीत तेथील विश्वस्तांनी काही विषयांतील पदवी अभ्यासक्रम बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या यादीत इंग्रजी, इतिहास आणि तत्त्वज्ञान तर होतेच, शिवाय विद्यापीठ कॅथलिक असूनही ईश्वरविद्या होती. हे विषय सर्व विद्यार्थ्यांच्या पायाभूत अभ्यासक्रमात मात्र राहतील, असा दिलासाही देण्यात आला. म्हणजे इतिहासाची चव प्रत्येकाने घ्यावी, पण पोटभर कोणी जेवू नये. ही भूमिका आपल्या सप्ताहाच्या उद्घाटनपर भाषणात जशीच्या तशी चालून जाईल.

आता पाहुण्यांविषयी. स्टीव्ह जॉब्ज यांच्याशिवाय असा सप्ताह होऊच शकत नाही, त्यामुळे त्यांचे मोठे छायाचित्र प्रवेशद्वाराशी लावावे आणि खाली त्यांची सुलेखनाची गोष्ट द्यावी. रीड कॉलेजमध्ये त्यांनी सुलेखनाच्या वर्गात अक्षरांमधल्या मोकळ्या जागा कशा सांभाळायच्या हे शिकून घेतले आणि पुढे ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकावर देखणे टंक आले, असे त्यांनी स्वतः २००५ साली स्टॅनफर्डच्या पदवीदान समारंभात सांगितले होते. गोष्ट येथेच थांबवावी. ते या वर्गात जाऊन बसले ते कॉलेज रीतसर सोडून दिल्यावर, हा तपशील शुल्क भरणाऱ्या पालकांपुढे काढण्याचे कारण नाही. शिवाय मॅकिंटॉश बाजारात आला १९८४ साली आणि रीडमधले सुलेखनाचे वर्गही बंद झाले त्याच १९८४ साली. एखाद्या विद्येचा उपयोग जगापुढे सिद्ध होत असताना तिचा वर्ग बंद करण्याचे इतके नेमके टायमिंग पुन्हा साधणे अवघड आहे, पण प्रयत्न करायला हरकत नाही.

दुसरे छायाचित्र हॅरॉल्ड व्हार्मस यांचे असावे. ॲमहर्स्ट या नामांकित लिबरल आर्ट्स कॉलेजात त्यांनी इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला, हार्वर्डमधून त्याच विषयात पदव्युत्तर पदवी घेतली आणि १९८९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. फलकावर एवढेच लिहावे. नोबेल वैद्यकशास्त्राचे होते आणि मधल्या काळात ते वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन आले होते, हे ज्याला कळायचे त्याला कळेल. साहित्याचा गौरव करायचा असेल तर साहित्य सोडून गेलेल्यांचाच करावा, हा अशा सप्ताहांचा मूलभूत नियम आहे. साहित्यातच राहिलेला माणूस मंचावर आणला तर तो कवितेवर बोलू लागण्याचा धोका असतो.

आधुनिक पाहुणे पुरेनात, तर प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ थेलिसला बोलवावे. त्याची कथा ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’मध्ये आहे. गरिबीवरून लोक त्याला टोमणे मारत आणि तुझे तत्त्वज्ञान काय कामाचे, असे विचारत. थेलिसने ग्रहताऱ्यांच्या अभ्यासावरून येत्या हंगामात ऑलिव्हचे पीक भरघोस येणार हे ताडले, हिवाळ्यातच थोडेसे पैसे भरून मिलेटस आणि किऑसमधले सगळे तेलाचे घाणे स्वस्तात आरक्षित केले आणि हंगामात मागणी वाढताच मनमानी दराने ते भाड्याने दिले. करिअर सेंटरला याहून काय हवे? नेतृत्वगुण, माहितीचे विश्लेषण, जोखीम पत्करण्याची तयारी आणि मक्तेदारी, सगळे एका तत्त्वज्ञात एकवटलेले आहे. फक्त ॲरिस्टॉटलने यातून काढलेला निष्कर्ष वाचला जाणार नाही याची दक्षता घ्यावी. तत्त्वज्ञांना मनात आणले तर श्रीमंत होता येते, पण त्यांना त्यात रस नसतो, असे तो म्हणतो, आणि असली वाक्ये देणगीदारांच्या उपस्थितीत बरी दिसत नाहीत.

भाषणांचा मसुदा तयार करताना ‘आनंद’ हा शब्द पूर्णपणे टाळावा. बराक ओबामा यांना याचा फटका बसला होता. २०१४ च्या जानेवारीत विस्कॉन्सिनमधल्या एका कारखान्यात त्यांनी सांगितले की, कुशल कारागिरीत कलेतिहासाच्या पदवीपेक्षा अधिक कमाई होऊ शकते. ते स्वतः सुरुवातीला ऑक्सिडेंटल या लिबरल आर्ट्स कॉलेजात शिकले होते. पुढे कलेतिहासाच्या एका प्राध्यापिकेने तक्रार केली, तेव्हा त्यांनी स्वहस्ते पत्र लिहून दिलगिरी व्यक्त केली आणि या विषयाने आपल्या आयुष्यात पुष्कळ आनंद आणला, असे कबूल केले. पाहा, कमाईचे विधान जाहीर सभेत झाले आणि आनंदाचे खासगी पत्रात. आपण हीच विभागणी पाळावी. मंचावर ‘चिकित्सक विचार’, ‘संवादकौशल्य’ आणि ‘बदलत्या जगाशी जुळवून घेण्याची क्षमता’ हे तीन शब्दप्रयोग आलटून पालटून वापरावेत. कोणी चिकित्सक विचार प्रत्यक्ष करून दाखवू लागल्यास सूत्रसंचालकाने वेळेची आठवण करून द्यावी.

खर्चाची बाजू किरकोळ आहे. इतिहास आणि भाषांचे बरेच वर्ग आता सत्रापुरत्या नेमलेल्या शिक्षकांकडे असतात, आणि त्यांना मोबदला वर्गागणिक मिळत असल्याने सप्ताहातील कामाचे वेगळे काही द्यावे लागत नाही. त्यांनी खुर्च्या मांडाव्यात, पाहुण्यांना आणावे आणि शक्य असल्यास ‘मानव्यविद्येतील स्थिर करिअर’ या परिसंवादात दोन शब्द बोलावेत. त्यांचा करार पुढील सत्रासाठी वाढवायचा की नाही, याचे पत्र समारोपानंतरच काढावे. आधी काढल्यास वक्तृत्वात विनाकारण भावना येते.

एवढी काळजी घेऊनही शेवटच्या रांगेतला एखादा विद्यार्थी, बहुधा अर्थशास्त्राचा, आपल्याला गाठून विचारेल की, थेलिसची ती गोष्ट ज्या पुस्तकात आहे ते सबंध पुस्तक वाचायचे असेल तर कोणता वर्ग घ्यावा. घाबरू नये. तो अभ्यासक्रम वर्षाआड असतो आणि हे आडवर्ष आहे, असे त्याला शांतपणे सांगावे. त्याने पुढच्या वर्षाविषयी विचारलेच, तर हातातला अभिप्रायाचा अर्ज त्याच्यापुढे करावा आणि या सप्ताहामुळे रोजगारक्षमतेत किती वाढ झाली असे वाटते, त्या रकान्यात एक ते पाचपैकी योग्य त्या अंकाभोवती गोल काढण्याची विनंती करावी.