‘आमच्याकडे म्हाताऱ्यांना मुलं सांभाळतात’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण मुद्दे नेमके आहेत. म्हणून उत्तर जरा लांबणार.

मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुठल्या वयाचा माणूस किती कमावतो, किती खर्चतो आणि मधली तूट कोण भरून काढतं, याचा देशवार हिशोब तिथे मांडला होता. ही ‘नॅशनल ट्रान्स्फर अकाउंट्स’ (एनटीए) पद्धत रोनाल्ड ली आणि अँड्र्यू मेसन या दोन अर्थतज्ज्ञांनी उभी केली आणि संयुक्त राष्ट्रांनी २०१३ मध्ये तिची पुस्तिका काढली. तूट भरायच्या तीनच वाटा धरलेल्या असतात: सरकार, कुटुंब आणि स्वतःची मालमत्ता. स्वीडनमध्ये म्हाताऱ्यांची तूट जवळपास सगळी सरकार भरतं, अमेरिकेत मालमत्तेचा वाटा मोठा, तैवान-थायलंडमध्ये कुटुंबाचा वाटा ठळक. भारतात मात्र कुटुंबाकडून वृद्धांना निव्वळ मिळणारी रक्कम शून्याच्या आसपास किंवा त्याहून खाली दिसते, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: “आमच्याकडे म्हाताऱ्यांना मुलं सांभाळतात हे शेंबडं पोरही सांगेल. पाश्चात्त्य पद्धतीला एकत्र कुटुंब कळत नाही. आणि क्रोनर-रुपयाची तुलना कशी करता?”

शेवटचा मुद्दा लगेच निकालात निघतो. या तक्त्यांत चलन नसतंच. प्रत्येक वयाचा आकडा त्याच देशातल्या ३० ते ४९ वयोगटाच्या सरासरी श्रम-उत्पन्नाने भागलेला असतो. सत्तरीतल्या माणसाचा खर्च ०.६ आला, तर त्याचा अर्थ तिथल्या भरात असलेल्या कमावत्या माणसाच्या सरासरी कमाईच्या साठ टक्के. विनिमय दर त्यात येतच नाही.

एकत्र कुटुंबाचा मुद्दा खरा महत्त्वाचा. पद्धतीला एकत्र कुटुंब कळत नाही असं नाही. ती त्यात एक प्रमुख शोधते आणि घोळ तिथे होतो. हे आकडे ज्या घरोघरच्या पाहणीतून येतात, तिच्यात प्रश्न कुटुंबाला विचारलेले असतात. जमिनीचं, भाड्याचं, व्याजाचं उत्पन्न कोणाचं, हे माणसागणिक नोंदलेलं नसतं. म्हणून नियम असा की मालमत्तेचं सगळं उत्पन्न आणि घरातली सगळी बचत कुटुंबप्रमुखाच्या नावावर टाकायची. राहत्या घराचं मानीव भाडंसुद्धा (तेच घर भाड्याने घेतलं असतं तर जेवढं द्यावं लागलं असतं तेवढं) त्याच्याच खात्यात. शेती किंवा दुकान असेल तर उत्पन्नाचे दोन तृतीयांश श्रमाचे धरून राबणाऱ्यांत वाटतात आणि उरलेला एक तृतीयांश पुन्हा प्रमुखाला.

एक काल्पनिक घर घेऊ. आजोबा ६८, मुलगा ४०, सून ३६, नातवंडं १२ आणि ३ वर्षांची. मुलाचा पगार वर्षाला २,४०,००० रुपये. खंडाने दिलेली जमीन आणि दोन खोल्यांचं भाडं मिळून २,००,०००. घरखर्च ४,१०,०००, शिल्लक ३०,०००. कर, शाळा, दवाखाना सध्या बाजूला ठेवू.

आधी खर्च वाटायचा. मोठ्या माणसाला १, चार वर्षांपर्यंतच्या मुलाला ०.४, आणि तिथून विसाव्या वर्षापर्यंत सरळ रेषेत १ पर्यंत चढत जाणारं प्रमाण. बारा वर्षांच्या नातवाचं येतं ०.७. एकूण बेरीज ४.१, म्हणजे मोठ्यांच्या वाट्याला प्रत्येकी १,००,०००, थोरल्या नातवाला ७०,००० आणि धाकटीला ४०,०००.

आता आजोबांना प्रमुख धरा. त्यांच्या नावावर २,००,००० येतात, ३०,००० बचतीत जातात, उरतात १,७०,०००. स्वतःचा खर्च एक लाख. म्हणजे आजोबा घराला ७०,००० रुपये देतात. मुलगा देतो १,४०,०००. दोघांचे मिळून २,१०,००० सून आणि नातवंडांवर खर्च होतात.

प्रमुख बदला आणि मुलाला धरा. घर तेच, पैसा तोच, रात्रीचं जेवणही तेच. आता भाडं, खंड आणि बचत मुलाच्या नावावर. आजोबांचं उत्पन्न शून्य, त्यांना कुटुंबाकडून मिळतात १,००,०००, आणि मुलगा देतो ३,१०,०००. एका नोंदीमुळे आजोबांच्या रकान्यात १,७०,००० चा फरक पडला आणि चिन्हसुद्धा उलटलं.

पाहणीत घरचे ज्याला प्रमुख म्हणतील तो प्रमुख. आपल्याकडे बाप जिवंत असेतोवर मुलगा स्वतःला प्रमुख म्हणवून घेत नाही, मग व्यवहार सगळा तोच बघत असला तरी. (सातबाऱ्यावर कोणाचं नाव आहे हे कोणी तपासत नाही. शिधापत्रिकेचाही उपयोग नाही, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तिथे घरातली सर्वांत मोठी स्त्री प्रमुख असते.) स्वीडनमध्ये म्हातारे वेगळे राहतात, त्यामुळे हा प्रश्नच फारसा उद्भवत नाही. म्हणून भारताच्या तक्त्यातला ‘कुटुंब’ हा रकाना मला सर्वांत कच्चा वाटतो. त्यावरून ‘भारतीय मुलं आईबापांना सांभाळत नाहीत’ असं कोणी म्हणत असेल तर तो आकड्याचा गैरवापर आहे. पण तुमचा उलटा निष्कर्षही त्यातून निघत नाही. जमीन आणि घर ज्यांच्या ताब्यात आहे असे अनेक वृद्ध खरोखरच देणारे असतात.

तुमची आणखी एक तक्रार: सुनेने केलेल्या सेवेची नोंदच नाही. बरोबर. हा हिशोब राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांना जुळवलेला असतो आणि घरातलं बिनपगारी काम त्यात मोजलं जात नाही. स्वीडनमध्ये १९९२ च्या सुधारणेनंतर वृद्धांची देखभाल ही नगरपालिकांची जबाबदारी झाली. तिथला मदतनीस घरी येऊन आजोबांना आंघोळ घालतो, त्याचा पगार ‘सरकारकडून वस्तुरूप मदत’ म्हणून नोंदला जातो. आपल्याकडे तीच आंघोळ सून घालते आणि रकान्यात शून्य. दोन देशांमधल्या तफावतीचा काही भाग एवढ्यामुळेच दिसतो. जपानने २००० मध्ये देखभाल विमा सुरू केला, चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो. जे काम आधी सुना-मुली फुकट करत होत्या, त्यातलं बरंचसं त्यानंतर हिशोबात दिसू लागलं.

यावर उपाय म्हणून वेळेचा वेगळा हिशोब करतात. वेळ-वापर पाहणीतून मिनिटं घ्यायची, स्वयंपाकाला स्वयंपाकीणबाईचा आणि मुलं सांभाळायला दाईचा बाजारातला दर लावायचा. भारताच्या २०१९ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, करणारे पुरुष ९७. पण इथेही सावध राहायला हवं. हा वेळ फक्त वृद्धांकडे जात नाही, बराचसा मुलांकडे आणि नवऱ्याकडे जातो. शिवाय नातवंडं सांभाळणारी आजी स्वतःच देणाऱ्यांच्या बाजूला असते.

मग पक्कं काय? श्रम-उत्पन्न आणि खर्च यांचे वयानुसार आलेख. त्यांत प्रमुखाचा नियम फारसा आड येत नाही. दुसरं, सरकारी रकाना, कारण तो अर्थसंकल्प आणि लाभार्थ्यांच्या वयावरून येतो. भारतात तो किती बारीक आहे ते बघा. राष्ट्रीय वृद्धापकाळ योजनेत केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये, ८० नंतर ५००. महाराष्ट्राने भर घालून रक्कम १,५०० केली, तरी किराणा आणि औषधं त्यात महिनाभर निघत नाहीत. ब्राझीलमध्ये १९८८ च्या राज्यघटनेनंतर ग्रामीण वृद्धांना किमान वेतनाइतकं निवृत्तिवेतन मिळू लागलं. परिणाम असा की तिथले म्हातारे सरकारकडून घेतात आणि त्यातलं मुला-नातवंडांना देतात. तिथे ‘कुटुंब’ रकाना उणे असतो, पण त्याचं कारण आपल्यासारखं नाही. एकाच उणे चिन्हामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, म्हणून रकाने सुटे वाचू नयेत.

निवृत्तिवेतन बघतानाही असंच फसायला होतं. चालू करातून किंवा वर्गणीतून दिलेलं निवृत्तिवेतन ‘सरकार’ रकान्यात येतं, स्वतःच्या नावावर गुंतवून साठवलेलं ‘मालमत्ता’ रकान्यात. स्वीडनची १८.५ टक्के वर्गणीच घ्या. त्यातल्या १६ टक्क्यांतून आजच्या वृद्धांना पैसे मिळतात, २.५ टक्के बाजारात गुंतवले जातात. आपल्याकडे जुन्या निवृत्तिवेतन योजनेतला कारकून आणि एनपीएसमधला (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, जिथे पैसे स्वतःच्या नावावर गुंतवले जातात) कारकून एकाच टेबलाशी बसतात, पण म्हातारपणी दोघं वेगवेगळ्या रकान्यांत जातील. उद्या ‘मालमत्ता’ रकाना फुगला म्हणून भारतीय वृद्ध श्रीमंत झाले असं कोणी लिहिलं, तर आधी हे तपासा.

‘मग महाराष्ट्राचा वेगळा तक्ता का देत नाही?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न. पाहण्यांचे आकडे राज्यवार मिळतात, अडतं पुढे. पाहणीत आलेली प्रत्येक बेरीज राष्ट्रीय लेख्यांतल्या (देशाच्या उत्पन्न-खर्चाच्या अधिकृत हिशोबातल्या) बेरजेला जुळवून वरखाली करावी लागते, कारण पाहणीत लोक खर्च आणि व्याज हमखास कमी सांगतात. राज्याचं सकल उत्पन्न उत्पादनाच्या बाजूने जाहीर होतं, पण खासगी उपभोगखर्चाची तशी नियमित राज्यवार मालिका केंद्राकडून येत नाही. केंद्राचा कर कुठल्या राज्यातल्या कोणत्या वयाच्या माणसाने भरला, हेही सरळ कळत नाही. त्यात मुंबईतून उत्तर प्रदेश-बिहारकडे जाणारा पैसा राज्याबाहेरचा, आणि चाकरमान्याने कोकणात आईला पाठवलेला राज्यातल्या राज्यातला. राज्याच्या तक्त्यात या दोन्हींची नोंद वेगळी हवी आणि आपल्या पाहण्यांत पाठवलेल्या पैशांची नोंद मुळातच तोकडी असते. त्यावाचून तक्ता काढला, तर मुंबईच्या कमाईच्या जोरावर अख्ख्या राज्याचे म्हातारे सुखात दिसतील.