‘सातबारा नावावर आहे, मग परवानगी कशाला?’ : एका फिरत्या संदेशाला उत्तर

एक संदेश गावागावांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असतो. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगी मालमत्तेवर सरकारचा हक्क नाही असा निकाल दिला आहे; त्यामुळे सातबारा आपल्या नावावर असेल तर घर बांधायला कुणाची परवानगी लागत नाही; घरपट्टी आणि लाइटबिल सुरू झालं की बांधकाम कायदेशीर होतं; बारा वर्षं उभ्या असलेल्या घराला कुणी हात लावू शकत नाही; आणि जमिनीवरचं आरक्षण (रस्ता, बाग अशा सार्वजनिक कामासाठी ती आराखड्यात राखून ठेवणं) दहा वर्षांनी आपोआप उठतं.

यातलं बहुतेक प्रत्येक वाक्य कुठल्या तरी खऱ्या गोष्टीला धरून आहे, म्हणून ते लोकांना पटतं. मला त्याची चीड येते ती वेगळ्या कारणाने. जमीनमालकाला कायद्याने खरोखर जे हक्क दिले आहेत, त्यातला एकही या संदेशात धड सांगितलेला नाही. त्यावर विसंबून माणूस आयुष्यभराची पुंजी विटा-सिमेंटमध्ये घालतो आणि नोटीस येते तेव्हा त्याच्या हातात सांगण्यासारखं काहीच उरलेलं नसतं.

निकालापासून सुरुवात करू. 5 नोव्हेंबर 2024 ला नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने निकाल दिला, हे खरं. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती ताब्यात घेण्याची तरतूद 1986 मध्ये म्हाडाच्या कायद्यात आली, तिला घरमालकांच्या संघटनेने आव्हान दिलं होतं, त्यातून हे प्रकरण वर गेलं. प्रश्न होता राज्यघटनेच्या कलम 39(ब) चा : ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ या शब्दांत प्रत्येक खासगी मालमत्ता येते का? बहुमताने उत्तर दिलं, सरसकट येत नाही. काही मालमत्ता येऊ शकते, ते तिच्या स्वरूपावर आणि टंचाईवर ठरेल. म्हणजे वाद होता मालमत्ता घेऊन तिचं वाटप करण्याचा. घराभोवती मोकळी जागा (समास) किती सोडायची, पूररेषेत बांधायचं की नाही, शेतीच्या विभागात गोदाम चालेल का, यातला एकही प्रश्न त्या पीठासमोर नव्हता. नगररचना कायदा त्या निकालाने जागचा हललेला नाही.

मालमत्तेचा हक्क आज घटनेच्या कलम 300अ मध्ये आहे. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून तिथे ठेवला. कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असं ते कलम सांगतं. हा हक्क दुबळा आहे असं कुणी समजू नये. मे 2024 मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने त्याची फोड करून दाखवली : मालकाला नोटीस मिळाली पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, कारणं देऊन निर्णय झाला पाहिजे, हेतू सार्वजनिक पाहिजे, मोबदला वाजवी पाहिजे, काम वेळेत झालं पाहिजे आणि शेवटाला गेलं पाहिजे. फॉरवर्ड करायचाच असेल तर हा निकाल करावा. एखादी पालिका मोबदला न देता तुमच्या जमिनीतून रस्ता काढत असेल, तर हाच कामाला येतो.

आता ‘परवानगी लागत नाही’ हे वाक्य. ही समजूत कुठून आली ते सांगतो. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली आली, तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. त्यानंतर 2021 मध्ये ग्रामीण भागासाठी सवलत जाहीर झाली : साधारण 1600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर, आणि काही अटींवर 3200 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर, घर बांधायला नगररचना कार्यालयात खेटे घालायची गरज नाही. सवलत चांगली आहे. पण तीत मालकीचे कागद, प्लॅन आणि तो प्लॅन नियमावलीत बसतो असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीला द्यावा लागतो, शुल्कही भरावं लागतं. वरच्या टप्प्यातल्या भूखंडाला पंचायत दहा दिवसांत शुल्क किती ते कळवते. म्हणजे खेटे कमी झाले, नियम सगळे आहेत तिथेच आहेत. पूररेषेतल्या किंवा रस्त्याच्या आखणीत गेलेल्या प्लॉटला असा दाखला खरेपणाने देताच येत नाही. आणि जिथे महापालिका, नगरपालिका किंवा पुण्याच्या पीएमआरडीएसारखं विकास प्राधिकरण आहे, तिथे परवानगी त्यांची लागते; सरपंचाच्या ना-हरकत पत्रावर तिथे मजला चढत नाही.

एनएचंही (शेतजमीन अकृषिक करण्याचंही) असंच झालं आहे. अकृषिक वापराची अट गेल्या दहा वर्षांत सरकारने टप्प्याटप्प्याने सैल केली, विशेषतः विकास आराखड्यातल्या आणि गावठाणालगतच्या 200 मीटरांतल्या जमिनींसाठी. एजंट त्याचा अर्थ ‘आता काहीच लागत नाही’ असा सांगतात. एनए महसूल कायद्यातला विषय, बांधकाम परवानगी 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातला. एकातली सूट दुसऱ्यात चालत नाही. अर्ज केल्यावर साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायची सोय नगररचना कायद्याच्या कलम 45 मध्ये आहे, तीही बांधकाम नियमांत तंतोतंत बसत असेल तरच.

घरपट्टीचा मुद्दा सर्वांत जास्त घरं बुडवतो, म्हणून इथे थांबतो. कर आकारणी म्हणजे कराची वसुली. नमुना 8 वर (ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत) नाव लागलं की पंचायतीला पट्टी मिळते, बांधकामाला मान्यता मिळत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम 267अ मध्ये तर अनधिकृत बांधकामावर मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती (दंड) लावायची तरतूद आहे, आणि तो कर वसूल केला म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे. पिंपरी-चिंचवडकरांनी हा शास्तीकर वर्षानुवर्षं सोसला. 2023 मध्ये तो माफ झाला, बांधकामं मात्र त्या माफीने अधिकृत झाली नाहीत.

त्याच शहरात चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत 36 बंगले उभे राहिले होते. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. तिच्या आत निवासी बांधकाम चालत नाही. लोकांनी प्लॉट रीतसर खरेदीखताने घेतले होते. हरित लवादाने बांधकाम पाडायचा आदेश दिला, तो सुप्रीम कोर्टात टिकला, आणि 17 मे 2025 ला बंगले जमीनदोस्त झाले. नालासोपाऱ्यात 2024 च्या अखेरीपासून 2025 च्या सुरुवातीपर्यंत 41 इमारती पाडल्या, त्या सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जमिनीवर होत्या. अशा ठिकाणी प्लॉट पाडून विकणारा पैसे घेऊन बाजूला झालेला असतो आणि राहणारा रस्त्यावर येतो. असल्या संदेशाने कुणाचं भलं होतं, याचा विचार गटावर टाकणाऱ्यांनी जरूर करावा.

बारा वर्षांची गोष्ट थोडक्यात. 17 डिसेंबर 2024 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्वच्छ सांगितलं आहे की किती वर्षं लोटली, किती पैसे घातले, अधिकारी किती काळ गप्प बसले, यातल्या कशानेही बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही. गुंठेवारीसारखे कायदे ठरावीक तारखेपर्यंतची बांधकामं नियमित करतात, 2021 च्या दुरुस्तीने ती तारीख 31 डिसेंबर 2020 केली. पण तिथेही अर्ज करावा लागतो आणि शुल्क भरावं लागतं. नुसतं बसून राहणाऱ्याला ते मिळत नाही.

पाडकामातही मालकाला संरक्षण आहे आणि ते लोकांना माहीत नाही, याचं फार वाईट वाटतं. 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालानुसार आधी किमान पंधरा दिवसांची नोटीस, प्रत्यक्ष सुनावणी आणि कारणांसह अंतिम आदेश आवश्यक आहे. हे डावलून पाडलं तर भरपाई जबाबदार अधिकाऱ्याच्या खिशातून वसूल होऊ शकते. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्ग, नदी-नाल्यातलं अतिक्रमण आणि कोर्टाने पाडायला सांगितलेलं बांधकाम यांना हे संरक्षण नाही.

काही जण विचारतात, माझ्या जमिनीत मी काय बांधतो याच्याशी दुसऱ्याचा काय संबंध? शेजारीही मालकच आहे. त्याच्या विहिरीला लागून तुमचा शोषखड्डा आला, तुमच्या भिंतीने ओढा वळून पाणी त्याच्या गोठ्यात शिरलं, तुम्ही रस्त्यावर आल्यामुळे त्याच्या दारापर्यंत अग्निशमनची गाडी पोचली नाही, तर त्याच्या हक्काचं काय? ठाण्याजवळ शीळफाट्याला 4 एप्रिल 2013 रोजी अनधिकृत इमारत कोसळून 74 माणसं गेली. त्यातल्या बहुतेकांचा त्या जमिनीच्या मालकीशी काही संबंध नव्हता.

राहिलं आरक्षण. ‘दहा वर्षांनी आपोआप उठतं’ यातला ‘आपोआप’ खोटा आहे, आणि हा मुद्दा मालकांच्या खऱ्या फायद्याचा असल्यामुळे नीट समजून घ्या. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत पालिकेने जमीन घेतली नाही, तर नगररचना अधिनियमाच्या कलम 127 खाली मालकाने मालकीचे कागद जोडून खरेदी नोटीस बजावायची. त्या दिवसापासून 24 महिन्यांत पालिकेने जमीन घेतली नाही किंवा संपादनाची खरी पावलं टाकली नाहीत, तर आरक्षण व्यपगत (रद्द) होतं आणि शेजारच्या जमिनीला जे चालतं ते तुमच्या जमिनीलाही चालतं. सभेत नुसता ठराव केला आणि सरकारला पत्र पाठवलं, एवढ्याला ‘पाऊल’ म्हणता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2007 मध्येच गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे. नोटीसच दिली नाही तर घड्याळ सुरूच होत नाही. मधल्या काळात सुधारित आराखडा आला तर प्रकरण आणखी किचकट होतं. दहा वर्षं उलटून गेलेले कितीतरी मालक ‘आता उठलंच आहे’ म्हणून स्वस्थ बसतात आणि पत्रा ठोकून गाळे काढतात; ते गाळे अनधिकृतच ठरतात.

नवा आराखडा येत असेल तर त्याहून आधी जागं व्हा. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांची मुदत सुरू होते. पालिकेत जाऊन नकाशावर आपला गट नंबर स्वतः शोधा. आरक्षण पडलं असेल तर हरकत लेखी द्या, सातबारा आणि मोजणीचा नकाशा जोडा, आसपास सरकारी जमीन मोकळी असेल तर तिचा गट नंबर लिहा, आणि तारखेच्या शिक्क्यासह पोच घेऊनच बाहेर पडा. सुनावणीला बोलावतील तेव्हा जा, आणि शेजारच्या गटांचे मालकही बरोबर न्या.